वेब ॲप्लिकेशनचं गाठोडं

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर कसं टाकायचं हे एव्हाना आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. टर्मिनल उघडायचं, 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हणायचं, पुढे नाव लिहायचं आणि एंटर. चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. पण वर्डप्रेस, मूडल, गिटलॅब असली वेब ॲप्लिकेशन्स आपण सहसा तशी टाकत नाही. त्यांच्या साइटवरून झिप उतरवतो, सर्व्हरवर नेऊन उघडतो, परमिशनची कटकट झाली की '७७७' मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. हल्ली झिपऐवजी डॉकरची इमेज ओढतो, एवढाच काय तो फरक.

असं का? लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनवाल्यांनी जवळपास सगळं जग पॅकेजमध्ये बांधलं, मग वेब ॲप्लिकेशनपाशीच त्यांचं घोडं का अडलं?

यामागे वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात भांडणं आहेत, हजारो साइट एका रात्रीत पुसणारा एक किडा आहे, तांत्रिक समितीपर्यंत गेलेला एक तंटा आहे आणि मुंबईतल्या मानखुर्दची एक प्रयोगशाळाही आहे. या वीकांताला तोच सांगायचा विचार आहे.

पुण्या-मुंबईच्या कंपनीत बसून हा प्रश्न फारसा टोचत नाही. तिथे सर्व्हर बघायला वेगळी टीम असते, रात्री फोन उचलणारं कुणीतरी असतं. पण समजा, पिशोरसारख्या गावात (तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद) शाळेच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर असंच ॲप्लिकेशन बसवायचंय. बसवणारा पोरगा सहा महिन्यांनी नोकरीसाठी पुण्याला जाणार हे ठरलेलं. त्यानंतर ते ॲप्लिकेशन कोणाच्या भरवशावर चालेल? हा लेख वाचताना ही पिशोरची शाळा डोळ्यांसमोर असू द्या. प्रत्येक वळणावर आपण तिच्याकडे बघू.

पिशवी आणि लेबल

इयान मरडॉकने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. त्याआधीही लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशन्स होत्या, पण कोणती फाइल कुठून आली, ती काढली तर अजून काय बंद पडेल, याचा हिशेब धड कुणाकडे नसायचा. डेबियनच्या 'डीपीकेजी'ने आणि १९९५ मध्ये आलेल्या रेड हॅटच्या 'आरपीएम'ने तो हिशेब मांडला. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर 'ॲप्ट' आलं आणि एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजेस आपोआप उतरायला लागली.

पॅकेज म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी घरी शेती बघितली आहे त्यांना पटकन कळेल. बाजारातून प्रमाणित बियाणं आणलं तर पिशवीला निळा टॅग असतो. त्यावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख असं सगळं लिहिलेलं असतं. जाणते शेतकरी पेरणी झाल्यावरही ती पिशवी, टॅग आणि पावती फेकत नाहीत. उगवलं नाही तर कोणाच्या दारात जायचं ते त्यावरच ठरतं. सुटं बियाणंही उगवतं, कधी कधी चांगलंच उगवतं. पण नाही उगवलं तर विचारायला कोणी नसतं.

पॅकेजचंही तसंच आहे. आवृत्तीचा नंबर हा लॉट नंबर, डिजिटल सही हा टॅग, आणि 'मेंटेनर' म्हणून लिहिलेलं नाव म्हणजे ज्याच्या दारात जायचं तो माणूस. (सही तपासायची सोय डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एप्रिल २००७ च्या ४.० पासून आली. त्याआधी टॅगशिवायच पेरणी चालू होती म्हणा ना!)

ओसरी, माजघर आणि कणगी

मग वेब ॲप्लिकेशन वेगळं कशामुळे?

'ग्रेप' किंवा 'व्हीआय'सारखा प्रोग्राम आपल्या मशीनवर गुपचूप पडून असतो. आपण हाक मारली तरच उठतो. वेब ॲप्लिकेशन मात्र दार सताड उघडं टाकून बसलेलं असतं, येणारा-जाणारा कोणीही त्याच्याशी बोलू शकतो. शिवाय ते एकटं नसतं. त्याला वेब सर्व्हर लागतो, पीएचपी किंवा रुबी किंवा पायथन लागतं, डेटाबेस लागतो, डेटाबेसचा पासवर्ड लागतो. लोक त्यात फोटो चढवतात, म्हणजे त्याला डिस्कवर लिहायलाही लागतं.

आता सुटं झिप उघडलं की काय होतं बघा. प्रोग्रामच्या फाइली, पासवर्ड असलेली फाइल आणि लोकांनी चढवलेले फोटो हे सगळं वेब सर्व्हरच्या एकाच डिरेक्टरीत येऊन पडतं. जुन्या वाड्यात ओसरीवर कोणीही येऊन टेकायचं, माजघरात घरचेच जायचे, आणि धान्याची कणगी त्याच्याही आत. झिपवाल्या पद्धतीत आपण कणगी आणून ओसरीवर ठेवतो आणि वर '७७७' मारून झाकणही काढून ठेवतो.

डिस्ट्रिब्युशनवाल्यांचा नियम याच्या उलट आहे. प्रोग्रामच्या फाइली '/यूएसआर/शेअर'खाली, मालक रूट, वेब सर्व्हरला फक्त वाचायची मुभा. सेटिंगच्या फाइली '/ईटीसी'मध्ये. आणि बदलणारा डेटा '/व्हार/लिब'मध्ये, वेब सर्व्हरला लिहायला फक्त तिथेच जागा. डेबियनचं वर्डप्रेस पॅकेज असंच तीन ठिकाणी विभागलेलं असतं. फेडोराचे नियमही हेच सांगतात की ॲप्लिकेशन '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये ओतू नका, ती जागा मशीन चालवणाऱ्याची आहे.

या विभागणीचा दुसरा फायदा अपग्रेडच्या वेळी कळतो. नवीन आवृत्ती आली की पॅकेज पहिली खोली पूर्ण बदलतं. दुसऱ्या खोलीत तुम्ही काही फेरफार केले असतील तर विचारून बदलतं. तिसऱ्या खोलीला ते शहाण्यासारखं हात लावत नाही.

वाचायला हे सोपं वाटतं, पण तेव्हाची बरीच पीएचपी ॲप्लिकेशन्स हे गृहीत धरूनच लिहिलेली असायची की सगळं एकाच डिरेक्टरीत आहे. पॅकेज बांधणाऱ्याला मग कुठे सिमलिंक टाक, कुठे कोडमध्येच पॅच मार, असे उद्योग करावे लागायचे. मूळ लेखक म्हणायचे, 'तुम्ही आमचं ॲप्लिकेशन मोडून ठेवता.' पॅकेजवाले म्हणायचे, 'तुम्ही ते मोडकंच दिलंय.' दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

डिसेंबर २००४

ही विभागणी नुसती टापटीप नाही, हे २१ डिसेंबर २००४ च्या सुमारास जगाला कळलं. त्या दिवसांत 'सँटी' नावाचा किडा सुटला. 'पीएचपीबीबी' या चर्चा-मंचाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकातून तो आत शिरायचा. पुढची शिकार शोधायला त्याने चक्क गूगल वापरलं! पीएचपीबीबीचं ठरावीक पान असलेल्या साइट तो गूगलवर शोधायचा आणि यादी मिळाली की एकेकीकडे वळायचा. शेवटी गूगलने तो शोधच अडवला तेव्हा तो थंडावला. तोवर हजारो साइट गेल्या होत्या.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे दुरुस्त केलेली आवृत्ती महिनाभर आधीच, नोव्हेंबरमध्ये, आली होती. लोकांनी ती टाकलीच नव्हती, कारण झिपवाल्यांना कळवणार कोण? दुसरी म्हणजे आत शिरल्यावर सँटी सर्व्हरवरच्या एचटीएमएल आणि पीएचपी फाइलींवर आपला मजकूर लिहायचा. जिथे वेब सर्व्हरला त्या फाइलींवर लिहायची परवानगीच नव्हती, तिथे त्याला ते जमणार नव्हतं. कणगी आत असती तर धान्य वाचलं असतं.

सहा-सात महिन्यांत दुसरा धडा आला. २००५ च्या जूनअखेरीस पीएचपीच्या 'एक्सएमएल-आरपीसी' लायब्ररीत एक गंभीर भोक सापडलं. लायब्ररी छोटीशी, पण वर्डप्रेस, ड्रुपल, पोस्टन्यूक, ईग्रुपवेअर, टिकीविकी अशा कित्येक ॲप्लिकेशन्सनी तिची एकेक प्रत आपापल्या पोटात घेतलेली. म्हणजे एका चुकीसाठी प्रत्येकाने आपापली नवीन आवृत्ती काढायची, आणि प्रत्येक मशीनवाल्याने ती आपापली शोधून टाकायची. नोव्हेंबर २००५ मध्ये 'लपर' नावाच्या किड्याने नेमकं हेच भोक वापरलं, आणि तेव्हाही कितीतरी दारं उघडीच होती.

डिस्ट्रिब्युशनवाल्यांचा यावरचा उपाय जुनाच होता : एका लायब्ररीची मशीनवर एकच प्रत, आणि सगळ्यांनी तीच वापरायची. ती दुरुस्त झाली की सगळे दुरुस्त. डेबियनच्या धोरणात अशा पोटातल्या प्रतींवर वेगळं कलम आहे, आणि कोणत्या पॅकेजच्या पोटात काय दडलंय याची यादी सुरक्षा टीम ठेवते. डिसेंबर २०१६ मध्ये 'पीएचपीमेलर'मध्ये भोक सापडलं तेव्हा ही शिस्त पुन्हा उपयोगी पडली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे'चा गोंधळ झाला, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी वीकांत कसा घालवला ते आठवा. भोक कसं बुजवायचं ते पहिल्याच दिवशी माहीत होतं. ती जार फाइल कुठे कुठे लपली आहे, हे शोधण्यात आठवडे गेले.

पासवर्ड कोणी ठरवायचा?

२००५ च्या आसपास डेबियनमध्ये शॉन फिनीसारख्या मंडळींनी वेब ॲप्लिकेशन्ससाठी वेगळ्या धोरणाचा मसुदा लिहायला घेतला. त्याच काळात फिनीने 'डीबीकॉन्फिग-कॉमन' लिहिलं. काम अगदी रटाळ : ॲप्लिकेशनसाठी डेटाबेस तयार करायचा, त्याच्यापुरता वेगळा युजर करायचा, पासवर्ड विचारायचा किंवा स्वतःच एखादा अवघड पासवर्ड बनवायचा, आणि तो नको त्याला वाचता येणार नाही अशा फाइलीत ठेवायचा.

रटाळ आहे, पण याआधी काय व्हायचं? बहुतेक लोक डेटाबेसचा रूट पासवर्डच ॲप्लिकेशनला देऊन मोकळे व्हायचे. एक ॲप्लिकेशन फुटलं की बाजूच्या चार ॲप्लिकेशन्सचा डेटाही गेला.

असंच एक दार 'पीएचपीमायॲडमिन'च्या सेटअपचं. सेटिंगची फाइल ब्राउझरमधूनच बनवता यावी म्हणून ते दिलेलं. काम झाल्यावर ते काढून टाका असं सूचनापत्रात लिहिलेलं असायचं, आणि सूचनापत्रं कोण वाचतं ते आपल्याला माहीत आहे. २००९ मध्ये त्या सेटअपमध्येच भोक सापडलं आणि बॉट्स रांगेने एकेक सर्व्हर ठोठावत सुटले. डेबियनच्या पॅकेजमध्ये ते सेटअपचं पान तेव्हा वेगळ्या पासवर्डमागे असायचं. सूचनापत्र न वाचणाऱ्यालाही ते वाचवायचं. चांगल्या पॅकेजची माझी व्याख्या विचाराल तर हीच : आळशी माणसालाही सुरक्षित ठेवतं ते.

आमच्या भागातल्या एका संस्थेच्या साइटचं उदाहरण देतो, नाव नको. साइट करून देणारा गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, अपग्रेड कोणी केलं नाही. एके दिवशी प्रवेशाच्या सूचनेच्या जागी भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या. पोरं आणि पालक आठवडाभर तेच पान रिफ्रेश करत बसले, मग कोणीतरी फोन करून विचारलं की प्रवेश कधी आहेत. संस्थेत कोणाला काही कळलंच नव्हतं.

तंटा : २००७

आता या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग. एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४.० यायचं होतं, आणि वाद पेटला की त्यात वर्डप्रेस घ्यायचं की नाही?

डेबियनची स्थिर आवृत्ती म्हणजे वचन असतं. त्यात जे पॅकेज जातं त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढची काही वर्षं पुरवायच्या, आणि त्याही आवृत्ती न बदलता. म्हणजे नवीन आवृत्तीतली फक्त दुरुस्ती उचलून जुन्या कोडवर बसवायची. सुरक्षा सांभाळणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. वर्डप्रेसमध्ये दर थोड्या दिवसांनी भोकं सापडतात, नेमकी कोणती ओळ बदलली हेही नीट कळत नाही, तर हे ओझं आम्ही वर्षानुवर्षं कसं वाहायचं? न निभणारं वचन द्यावंच कशाला?

आणि याच सुमारास, २ मार्च २००७ ला, वर्डप्रेसनेच जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं होतं आणि उतरवायला ठेवलेल्या २.१.१ आवृत्तीत चोरदार बसवून गेलं होतं. म्हणजे कंपनीच्या दुकानातूनच भेसळीचं बियाणं!

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही बिनतोड होतं. डेबियनने वर्डप्रेस घेतलं नाही म्हणून लोक ते वापरायचं थोडंच थांबवणार? ते झिप आणून टाकतील आणि विसरून जातील. त्यापेक्षा आपण सांभाळलेलं बरं. वर्डप्रेसच्या लोकांनीही २.० ही जुनी शाखा २०१० पर्यंत सांभाळायची तयारी दाखवली होती. तंटा डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. रिलीजच्या तोंडावर समितीने वर्डप्रेस ठेवायच्या बाजूने कौल दिला, आणि ८ एप्रिलला ते डेबियन ४.० मध्ये बाहेर पडलं.

पुढे काय झालं? २००९ मध्ये, ठरल्या मुदतीच्या काही महिने आधी, वर्डप्रेसने २.० ची शाखा बंद केली. पण तेही दुसऱ्या बाजूने चालत येतच होते. डिसेंबर २००८ च्या २.७ मध्ये ब्राउझरमधून एका क्लिकवर अपग्रेड आलं, ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ पासून छोट्या दुरुस्त्या आपोआप बसायला लागल्या. शेअर्ड होस्टिंगवरच्या माणसाकडे रूट नसतोच, त्याला 'ॲप्ट' काय कामाचं? त्याच्यासाठी हा फार मोठा आधार होता. मात्र यात एक मेख आहे. ॲप्लिकेशनने स्वतःला अपग्रेड करायचं तर त्याला स्वतःच्याच फाइलींवर लिहायची परवानगी हवी. म्हणजे कणगी पुन्हा ओसरीवर.

मे २०१२ मध्ये डेबियनच्या सुरक्षा टीमनेही एक पाऊल मागे घेतलं. वर्डप्रेसच्या भोकांसाठी नेमक्या दुरुस्त्या वेगळ्या काढता येत नाहीत, असं कारण देऊन त्यांनी स्थिर आवृत्तीतलं वर्डप्रेस सरळ नव्या ३.३.२ वर नेलं. 'आवृत्ती बदलायची नाही' हा नियम त्यांनी इथे वाकवला. २००७ मध्ये ज्यांनी 'हे झेपणार नाही' म्हटलं होतं, ते खोटं बोलत नव्हते.

आणि डिस्ट्रिब्युशनवाले सोवळे होते असंही नाही बरं का. १३ मे २००८ ला डेबियनने कबूल केलं की त्यांनी 'ओपनएसएसएल'मध्ये केलेल्या एका बदलामुळे सप्टेंबर २००६ पासून त्यांच्या मशीनवर बनलेल्या किल्ल्या ओळखता येण्याइतक्या दुबळ्या होत्या. एका प्रकारच्या मशीनवर आणि एका लांबीच्या मिळून फक्त ३२,७६८ शक्यता. टॅग लावणाराही माणूसच असतो.

मानखुर्द

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. तिथे जी. नागार्जुन आणि त्यांच्या प्रयोगशाळेने या शतकाच्या सुरुवातीला 'नॉसिस' नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ज्ञानाच्या तुकड्यांचं जाळं विणणारं हे वेब ॲप्लिकेशन जीएनयू प्रकल्पात गेलं. सुरुवातीला ते पायथनच्या 'झोप' सर्व्हरवर होतं. (नाव झोप असलं तरी तेव्हा फार जागं होतं ते :-) ) झोपचा जमाना संपला तसं ते 'जँगो'वर नव्याने लिहिलं गेलं, डेटा ठेवायला 'मोंगोडीबी' आला, आणि 'जीस्टुडिओ' तयार झालं. २०१३ मध्ये एनसीईआरटीचं मुक्त शैक्षणिक साहित्याचं राष्ट्रीय भांडार सुरू झालं, तेही याच कामावर उभं होतं.

खरी परीक्षा पुढे होती. २०१५ च्या सुमारास टाटा ट्रस्ट्स, शेजारच्याच देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि अमेरिकेतली एमआयटी यांनी 'क्लिक्स' हा उपक्रम सुरू केला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळा. जीस्टुडिओ तिथे न्यायचं होतं, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी भरवशाचं इंटरनेट नव्हतं. मग रचना अशी की शाळेतलंच एक मशीन सर्व्हर, लॅबमधल्या बाकीच्या मशीनवर ब्राउझर, आणि मधे फक्त शाळेची केबल.

आपली पिशोरची शाळा आठवतेय ना? मराठवाड्यात दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग भोगलेल्या कोणालाही कळेल की अशा मशीनला काय काय सोसावं लागतं. वीज मधेच जाते, डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहतो. अपग्रेड इंटरनेटवरून आपोआप येत नाही. आणि तीन खोल्यांमधली तिसरी खोली म्हणजे पोरांनी वर्षभर केलेलं काम. प्रोग्राम बदलताना त्याला धक्का लागला तर परत आणायला दुसरीकडे प्रत नसण्याचीच शक्यता जास्त.

इतक्या पसाऱ्याचं डेबियनच्या शिस्तीतलं पॅकेज बांधायचं तर त्याला लागणारी एकेक पायथन लायब्ररी आधी बांधावी लागते. त्यांनी डॉकरची वाट धरली. सगळं एका डब्यात भरलं आणि तो डबा शाळेच्या लिनक्सवर चढवला. त्या परिस्थितीत मीही तेच केलं असतं. सगळ्या शाळांत हुबेहूब तेच चालतंय, ही खात्री दूरच्या शाळेसाठी लाखमोलाची असते.

पण पायाचा दगड दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. १६ ऑक्टोबर २०१८ ला मोंगोडीबीच्या कंपनीने परवाना बदलला. डेबियन आणि फेडोरा दोघांनीही नवा परवाना मुक्त मानायला नकार दिला, आणि त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांमधून मोंगोडीबी गेला. ज्यांचं ज्यांचं वेब ॲप्लिकेशन त्यावर उभं होतं, त्या सगळ्यांना आता डिस्ट्रिब्युशनचा टॅग नसलेलं बियाणं वापरणं भाग पडलं. ॲप्लिकेशनची एक ओळही न बदलता त्याची सुरक्षितता बदलली.

डबा आणि आतलं लोणचं

डॉकर मार्च २०१३ मध्ये आलं आणि बऱ्याच जणांना वाटलं की पॅकेजचा प्रश्न सुटला. 'आमच्या मशीनवर चालतं' हे भांडण खरोखरच मिटलं. पण डबा कितीही घट्ट बंद केला तरी आतलं लोणचं नासायचं ते नासतंच. प्रत्येक डब्यात सगळ्या लायब्ररींची आपापली प्रत, म्हणजे २००५ ची एक्सएमएल-आरपीसीची गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून.

त्याच काळात उलट्या दिशेचा एक जिद्दी प्रयत्नही झाला. केरळचे प्रवीण, मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात 'पायरेट प्रवीण', यांनी डायस्पोरा आणि मग गिटलॅब डेबियनमध्ये नीट बांधायचं मनावर घेतलं. रुबीच्या शेकडो लायब्ररी, वर जावास्क्रिप्टचं जंगल. एकेक वेगळी बांधायची, एकेकीचा परवाना तपासायचा. या कामासाठी लोकवर्गणीही काढली. जून २०१७ च्या डेबियन ९ मध्ये गिटलॅब पोचलं. पण त्याची नवी आवृत्ती दर महिन्याला, आणि डेबियनची दर दोन वर्षांनी. जुन्या आवृत्तीला मूळ कंपनी काही महिन्यांपलीकडे विचारत नाही. २०१९ च्या डेबियन १० मध्ये गिटलॅब नव्हतं. तेव्हा अशा वेगवान पॅकेजेससाठी 'फास्टट्रॅक' नावाचं वेगळं भांडार सुरू झालं. २००७ चा वर्डप्रेसचा प्रश्न, फक्त शेकडो लायब्ररींनी गुणलेला.

बरं, मग जुन्या लोकांचा संथपणा म्हणजे नुसताच हट्ट का? २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने 'एक्सझी' या लायब्ररीत कोणीतरी पेरलेलं चोरदार उघडकीला आणलं. ते डेबियनच्या कच्च्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीतही शिरलं होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र ते नव्हतं. संथ चालणाऱ्याच्या अंगणात तो खड्डा अजून आलाच नव्हता. थोडं नशीब, आणि थोडा घाई न करण्याचा फायदा.

पिशोरच्या शाळेत काय टाकायचं?

इतकं सगळं वाचून निष्कर्ष काय? माझ्यापुरता मी असा काढला आहे.

तंत्राचे प्रश्न बरेचसे सुटलेले आहेत. तीन खोल्या वेगळ्या ठेवायच्या, लायब्ररीची एकच प्रत ठेवायची, प्रत्येक ॲप्लिकेशनला त्याच्यापुरता डेटाबेस युजर द्यायचा, सही तपासायची. हे २००५ च्या आसपासच कळलं होतं आणि डॉकरमध्येही बरंचसं पाळता येतं. जो प्रश्न २००७ च्या तंट्यात होता आणि गिटलॅबच्या वेळी पुन्हा आला, तो वेगळाच आहे : हे गाठोडं तिसऱ्या वर्षी कोण सांभाळणार?

पुण्याच्या कंपनीत उत्तर सोपं आहे, पगार घेणारा कोणीतरी. पिशोरच्या शाळेत हे उत्तर ॲप्लिकेशन निवडतानाच द्यावं लागतं. म्हणून मला कोणी विचारलं तर मी तीन गोष्टी बघायला सांगेन. स्थिर डिस्ट्रिब्युशनच्या भांडारात हे पॅकेज आहे का? असेल तर दोन सोयी कमी असल्या तरी तेच घ्या, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसायची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. नसेल तर मूळ लेखकांनी कोणती आवृत्ती कधीपर्यंत सांभाळू असं तारखेसकट लिहून दिलंय का? तेही नसेल तर मशीन इंटरनेटला न जोडता फक्त शाळेच्या आत चालवता येईल का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ते ॲप्लिकेशन कितीही देखणं असो, त्या शाळेत टाकू नका. साधी एचटीएमएलची चार पानं ठेवा. ती कोणी फारशी फोडत नाही आणि लोडशेडिंगमध्ये बिघडतही नाहीत.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे शहरात बसून पगारी कोड लिहिणाऱ्यांसाठी. ज्या पॅकेजच्या जिवावर आपला धंदा चालतो, त्यातली बरीच पॅकेजेस कोणीतरी नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी बसून बांधत असतं. मेंटेनरने हात वर केले की डेबियनमध्ये ते पॅकेज 'अनाथ' म्हणून यादीत जातं, तोच शब्द आहे तिथे. ती यादी सगळ्यांना बघायला खुली असते आणि ती कधी रिकामी नसते. एखादं छोटं पॅकेज उचललं तर महिन्याचे दोन-तीन तास जातात. तेवढ्यात कुठल्यातरी गावातल्या मशीनवर, आपल्याला कधीच न कळता, एक दार वेळेवर बंद होतं.

असो. फार लांबलं. पुढच्या वीकांताला काहीतरी हलकंफुलकं.